उंबऱ्याखालची बाळंतीण

आमच्या घराला कितीतरी वर्षं उंबरा नव्हता. दार होतं, चौकट होती, कडी-कोयंडा होता, फक्त खाली उंबऱ्याच्या जागी मोकळी फट. ती फट मी सोडली होती, मुद्दाम.

मी मिस्त्री माणूस. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी. गाव सुटल्यावर जन्म सगळा या शहरात दगड-विटांत गेला. शहागंजातल्या दुकानांच्या पायऱ्या बसवल्या, कॉलन्यांमधून लोकांचे बंगले उभे केले. मुलानं पडेगावच्या बाजूला प्लॉट घेतला तेव्हा घर मीच बांधलं, दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. चौकट बसवायच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "खाली जागा सोडतोय. इथं माझ्या बापाचा उंबरा बसंल."

मुलगा म्हणाला, "बाबा, तो तर धरणात आहे."

मी म्हणालो, "धरण आटतं."

बोलून गेलो, आणि मग तो शब्द मागं घेणं माझ्या स्वभावात नाही. पावसाळ्यात फटीतून पाणी आत यायचं, उंदीर यायचे, एकदा सापाचं पिल्लू आलं. बायको रोज रात्री तिथं पोत्याची गुंडाळी कोंबायची आणि कोंबताना बोलायची. "आवं, लोकांच्या घराला उंबरे बसवून हात झिजले तुमचे, अन् आपल्या घरात बेडकं पाव्हणी." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. पण खरं सांगायचं तर तिचं बरोबर होतं. तिला गुडघ्यांचा त्रास, वाकून पाणी पुसायचं तिच्याच नशिबी. तिला नुसता एक उंबरा हवा होता, कसलाही. मला तोच हवा होता.

तो कोणता, ते सांगतो. आमचं जुनं गाव गंगापूर तालुक्यात, गोदावरीच्या काठाला. गोदावरी हे नाव कागदावरचं, आम्ही गंगाच म्हणतो. गावात आमची वस्ती वेगळी, कडेला. बाप दगड फोडायचा. गावातल्या बड्या घरांचे उंबरे, पायऱ्या, जोती त्यानं घडवली, पण त्या उंबऱ्यांच्या आत त्याला कधी कुणी घेतलं नाही. दगड दाराशी नेऊन ठेवायचा आणि मागं सरायचं. मग आमच्या लोकांनी धम्म घेतला. त्या साली बापानं एक काळा दगड निवडला आणि स्वतःच्या झोपडीला उंबरा घडवला. कुडाच्या भिंती, वर पत्रे, आणि खाली घडीव काळ्या दगडाचा उंबरा. गावातले लोक हसले. म्हणाले, "झोपडीला कशाला रं दगडी उंबरा?" बाप म्हणाला, "आत यायच्या आधी विचारावं लागतं, एवढं कळायला." बापाचं हे बोलणं मी आईकडून ऐकलं. मी तेव्हा रांगत होतो.

पुढं धरण झालं, गाव उठलं. लाकडं, पत्रे, भांडी नेली. उंबरा जड, तो शेवटच्या खेपेला न्यायचा होता. तो राहिला आणि पाणी आलं.

तेव्हापासून तो पाण्याखाली. दुष्काळाच्या साली पाणी हटलं की जुनं गाव उघडं पडतं, पण आमची वस्ती गाळानं बुजलेली असायची. दोन वेळा जाऊन हात हलवत परत आलो. मग एका उन्हाळ्यात फोन आला. माझा लहानपणचा सोबती, जातीनं भोई, धरणाच्या फुगवट्यात मासे धरतो. जुन्या गावातला आता तोच एक माझ्याशी जुन्या आवाजात बोलणारा.

"मिस्त्री, तुझा उंबरा दिसतोय."

"तुला काय कळतंय उंबऱ्यातलं?"

"नको कळू दे. ये अन् बघ. औंदा पाण्यानं गाळ धुतलाय. पाच-सहा दगडांचं जोतं वर आलंय, पुढं आडवा काळा दगड. तुझ्या बापाचाच टवका हाय त्याला एका टोकाला."

घडवताना बापाच्या हातून उडालेला तो टवका आई नेहमी दाखवायची. त्याचं ऐकलं आणि मी पिशवी भरली. बायको म्हणाली, "आणा एकदाचा. न्हाय तर मी शहाबादी फरशीचा तुकडा बसवून घेते, तुम्हाला न विचारता." मी म्हणालो, "बसवून तर बघ." ती म्हणाली, "बघतेच." अशा प्रेमानं आम्ही एकमेकांचा निरोप घेतला. एसटीनं गंगापूर, पुढं जीपगाडी, पुढं पायी.

सकाळी आम्ही दोघं पहार घेऊन गेलो. पाणी हटून गाळ वाळला होता, चिरा पडलेल्या. कडेला बेशरमीची झुडपं. जोतं पाण्यापासून थोडं वर, आणि उंबरा खरंच होता. मी बसून त्यावरून हात फिरवला. टाकीचे घाव तसेच, तिरपे, बापाच्या हाताचे. मी डावखुरा नाही, बाप होता, म्हणून ते घाव उलट्या बाजूला झुकतात. डोळ्यांत पाणी आलं म्हणून सोबत्याकडं पाठ केली आणि पहार घातली.

पहार घातली, आणि उंबऱ्याखालून कुणीतरी ओरडलं.

ओरडणं कसलं, चिरचिर. जशी लहान पोरं दूध उशिरा मिळालं की करतात, बारीक, हट्टी. मी पहार काढली. आणि झुडपातून एक प्राणी धावत आला, माझ्यापासून काठीभर अंतरावर थांबला, मागच्या पायांवर उभा राहिला आणि नाकातून फुसफुसला. ओली, तपकिरी, गळ्याखाली फिकी, लांब मिशा. चपटी जाड शेपटी मागं टेकलेली, जशी म्हातारी काठी टेकते.

"पाणमांजर!" सोबती म्हणाला. "हात्तिच्या! माझी जाळी फाडणारी हीच ती."

तिचं नाव मांजर, पण डोकं कुत्र्यासारखं रुंद, आणि ऐट कुणाचीच नाही, तिची स्वतःची. माझ्याच दारात मला ती विचारत होती की तू कोण. मी मागं झालो. ती आमच्याकडं बघत बघत दगडाखालच्या भगदाडात शिरली आणि आतली चिरचिर बंद झाली.

सोबत्यानं लगेच तोड काढली. "दोन घमेली भुसा आणतो. पेटवून धूर सोडू. घटकाभरात लेकरं घेऊन पळंल. संध्याकाळी दगड ट्रॉलीत."

मला ते पटलंही होतं. मी ना नव्हतो म्हणालो. फक्त बायकोला फोन लावला, सांगायला, की उंबरा सापडला, तोच आहे, उद्या येतो. आणि बोलता बोलता सांगितलं की खाली पाणमांजरीनं पिल्लं घातलीत, तेवढी हुसकली की झालं.

तिनं मला तिथंच अडवलं.

म्हणाली, "बाळंतीण हाय व्हय ती?"

"व्हय."

"मग उठवू नका तिला."

"अगं, जनावर हाय."

"मी पण होते की. मला उठवलं तवा कुणी थांबलं नव्हतं. सव्वा महिना होऊ द्या तिचा. मग आणा तुमचा दगड."

आता हे उलगडून सांगायला हवं. आपल्याकडं बाळंतिणीला सव्वा महिना जागची हलवत नाहीत. गाव उठलं तेव्हा बायकोला आमची थोरली झाली होती, जी आता पिशोरला नांदते. बारसंही झालं नव्हतं. पाणी वस्तीच्या कडेला लागलं. शेवटची बैलगाडी उंबऱ्यासाठी ठेवली होती. बापानं दगडाकडं बघितलं, सुनेकडं बघितलं, आणि गाडीत गवत पसरायला सांगितलं. ती बाळ घेऊन हादरे खात नव्या जागेवर गेली, जिथं भिंती नव्हत्या. तेव्हापासून तिची कंबर धरलेली. आम्ही दोघांनी यावर कधी बोलणं केलं नाही. ती उंबऱ्यासाठी माझ्याशी भांडायची, पण उंबरा कुणापायी राहिला ते तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं, आणि मीही नाही.

मी फोन ठेवला. सोबती भुशाच्या तयारीत उभा.

"राहू दे," मी म्हणालो. "सव्वा महिना."

"काय सव्वा महिना?"

"बाळंतिणीचा."

तो असा हसला की बगळे उडाले. "मिस्त्री, खारीक-खोबरं आणू का तिला? अन् डिंकाचे लाडू? शेक-शेगडी कोण करणार, तू का मी?" पण वहिनीचा शब्द म्हटल्यावर पुढं काही बोलला नाही. माझा शब्द त्यानं कधी मानला नाही, माझ्या बायकोचा नेहमी मानतो.

मी घरी परतलो नाही. शेजारच्या गावातही जुनी घरं असलेले लोक होते, दगड उचलायला ट्रॉल्या घेऊन फिरत होते. आपण गेलो आणि उंबरा दुसऱ्यानं नेला तर? म्हणून सोबत्याच्या घरी मुक्काम टाकला आणि रोज सकाळी बेशरमीच्या झुडपाआड जाऊन बसू लागलो. उंबरा राखायला बसलो, आणि बघत बसलो तिला. आयुष्यभर काम केलेल्या माणसाला नुसतं बसायची फुरसत मिळणं हीच केवढी गोष्ट. ती मला तिनं दिली.

आधी वाटलं होतं ती एकटी आहे. तसं नव्हतं. कुटुंब मोठं. एक दांडगा नर, आणि दोन-तीन तरणी, बहुतेक मागच्या खेपेची लेकरं. ती सगळी पहाटे पाण्यात उतरायची, रांग धरायची आणि मासे किनाऱ्याकडं हाकायची. आपल्याकडं रानात हाकारा घालतात ना, अगदी तसं. एक बुडी मारली की पाठोपाठ दुसरी. पाण्यावर नुसत्या बुडबुड्यांच्या रेघा. मासा घावला की डोक्याकडून सुरुवात, कराकरा, पोळीला तिखट लावून खावं तशा चवीनं. आणि मग त्यातलं एखादं जण तोंडात आखा मासा धरून जोत्याकडं यायचं, भगदाडाशी ठेवायचं, शीळ घालायचं. आतून ती बाहेर यायची, मासा घ्यायची. कधी कधी आणणाऱ्यावरच खेकसायची. सोबत्याला हे सांगितलं तर म्हणाला, "बाळंतपणात सगळ्याच खेकसतात."

एक गंमत सांगायलाच हवी. या प्राण्याची एक सवय असते, सगळं कुटुंब शौचाला एकाच जागी जातं. ठरलेली जागा, रोज तीच. माशाचे खवले, काटे, आणि असा उग्र वास की नाक झडावं. त्यांनी जुन्या गावातली नेमकी कोणती जागा निवडली होती? पाटलांच्या वाड्याचा पुढचा ओटा. तेवढाच पाण्याबाहेर राहिला होता, सपाट, उन्हाचा. सकाळी एकेक जण जाऊन तिथं आपलं काम करून यायचं, शेपूट वर करून, पाय नाचवत. या ओट्यासमोरून माझा बाप चपला हातात घेऊन जायचा. मी झुडपात बसून असा हसलो की बरगड्या दुखल्या. कुणावर राग धरून हसलो नाही. पाटलांची नातवंडं आता आमच्याच भागात राहतात, येता-जाता रामराम करतात. पण हसू आलं, ते आलं.

जेवण झालं की ती मंडळी वाळूत लोळायची. पाठ घासायची, एकमेकांच्या अंगावर पडायची, ओलं अंग वाळवायची. आणि मग झोप. त्यातलं एक दोन पंजांत खडा धरून खेळायचं, उताणं पडून, छातीवर. मी मिस्त्री माणूस, मला तो खडा बघून हात शिवशिवायचे.

सोबत्याचं मात्र खरंच नुकसान होत होतं. जाळ्यात अडकलेला मासा ती काढून न्यायची आणि काढताना जाळं फाडायची. तो दारात बसून जाळी विणायचा आणि मला ऐकवायचा. "तुझी पाव्हणी काल काय करून गेली बघ. हे बघ भोक. यातून तू जाशील." मी पुढं होऊन त्याच्यासोबत विणायला बसलो. त्यानं माझी गाठ बघितली, सोडली, परत मारली. "दगडं रच तू. हे राहू दे." पण भुशाचं नाव पुन्हा काढलं नाही. पुढं पुढं तर जाळी पलीकडच्या अंगाला नेऊन लावू लागला. विचारलं तर म्हणायचा, "तिकडं मासा जास्त हाय." तिकडं मासा जास्त नव्हता. मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे.

बायको रोज फोन करायची. आधी माझी तब्येत विचारायची, मग त्या बाळंतिणीची.

"बाहेर काढली का लेकरं?"

"अजून न्हाय."

"खातीया का नीट?"

"तुझ्यापेक्षा जास्त."

"मग बरं."

पिल्लं मी पहिल्यांदा बघितली तेव्हा महिना होत आला होता. उंबऱ्यावर आली, एकामागं एक, चार. करड्या लोकरीचे गोळे. उंबऱ्याला पोट टेकवून पलीकडं घसरली आणि उन्हात बसली. मी लोकांच्या घरांना उंबरे बसवले, त्यांच्यावरून वरातीत नवऱ्या आत जाताना बघितल्या, पण त्या दिवशी त्या चार लोकरीच्या गोळ्यांना उंबरा ओलांडताना बघून जे वाटलं ते मला लिहिता येत नाही. मी बापाच्या दारात बसलो होतो आणि त्या दारात लेकरं होती. एवढंच लिहितो.

आमची चूक झाली ती इथं. आम्ही सव्वा महिना ठरवला, पण तो आमचा माणसांचा हिशेब. तिला कुठं माहीत? सव्वा महिना भरला, मुलगा सुट्टी काढून आला, सोबत्यानं भावकीतला ट्रॅक्टर आणला, गावातले दोन गडी बोलावले, साखळी आणली. जोत्याजवळ गेलो तर आतून तीच चिरचिर. पिल्लं मोठी झाली होती, पण भगदाड सोडायला तयार नव्हती. आणि ती आमच्यासमोर उभी, पहिल्या दिवशीसारखी, नाकातून फुसफुसत.

मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हीच म्हणाला होता ना सव्वा महिना. झाला."

"पोरं अजून पाण्यात उतरत न्हाईत. बाहेर काढली तर कोल्हं, कुत्री हाईत. जातील कुठं?"

"वरच्या अंगाला पाऊस सुरू झालाय. नाशिककडून पाणी सोडलं की दोन दिवसांत इथं येतंय. गाळ भिजला की ट्रॅक्टर उतरणार नाही. मग परत कधी? बाबा, परत कधी दिसंल हे, सांगा बरं."

तो चिडून बोलला नव्हता. त्यालाही त्या फटीचा जाच आहे, त्याच्याही आईचे गुडघे आहेत. आणि 'परत कधी' म्हणजे काय ते मला कळत होतं. माझं वय झालंय. हा दगड पुन्हा कधी उघडा पडेल तेव्हा मी असेन की नाही, हे त्याला म्हणायचं होतं आणि तो म्हणाला नाही. चांगला मुलगा आहे.

सगळे माझ्याकडं बघत होते. ट्रॅक्टर चालूच होता. साखळी माझ्या हातात होती.

सोबती म्हणाला, "मिस्त्री, बोल. डिझेल जळतंय."

मी साखळी ट्रॉलीत टाकली. "बंद कर."

"नक्की?"

"बंद कर म्हणलं ना."

त्यानं बंद केला. मुलगा म्हणाला, "आईला तुम्ही सांगा." मी म्हणालो, "सांगतो." तो शेवटच्या गाडीनं शहरात गेला. मी राहिलो.

पाणी आलं. गाजावाजा न करता, रात्रीतून, आमच्याकडं एक थेंब न पडता. सकाळी झुडपाशी गेलो तेव्हा पाणी जोत्याला टेकलं होतं, आणि ती कामाला लागली होती.

पाण्यातल्या प्राण्याच्या लेकरांना पाण्याची भीती वाटते, हे मला तोवर माहीत नव्हतं. तिनं पहिल्याला मानेला धरलं आणि ओढत नेलं. ते असं ओरडलं, पाय असे रोवले, जसं मला मास्तर शाळेत ओढून नेताना मी केलं होतं. पाण्यात नेऊन सोडलं. ते गडबडलं, बुडालं, वर आलं, आणि तिच्या पाठीवर चढलं. तिनं बुडी मारली. पाठ नाही म्हटल्यावर लेकराला हातपाय मारावेच लागले. मारले आणि तरंगलं. शिव्या देत देत तरंगलं. तोवर तरण्यांपैकी एकजण दुसऱ्याला ओढत होतं. दांडगा नर पुढं बेशरमीच्या गचपणात शीळ घालत होता, इकडं या, इकडं या. शेवटचं लेकरू उंबऱ्यावर बसून राहिलं होतं, चारी पाय दगडाला घट्ट. पाणी त्याच्या पोटाला लागलं तरी हललं नाही. ती तीन वेळा आली. चौथ्यांदा मान धरली आणि घेऊन गेली.

झुडपाच्या आड सगळी दिसेनाशी झाली. मग मी चपला काढल्या, धोतर वर खोचलं आणि पाण्यात गेलो. गाळ घोट्यापर्यंत मऊ झाला होता, ट्रॅक्टर काय, बैलही रुतला असता. दगड चार माणसांनाही हलणारा नव्हता. मी फक्त त्याच्यावर उभा राहिलो, अनवाणी. पाणी पिंढऱ्यांना लागत होतं आणि तळव्याला बापाचे टाकीचे घाव लागत होते. किती वेळ उभा होतो ते माहीत नाही. सोबती काठावरून ओरडला, "ये आता, म्हाताऱ्या! तुला ओढायला कोण येणार मान धरून?"

मी आलो. एवढी मिळकत पुरे होती.

घरी पोहोचलो. हात मोकळे. बायकोनं पिशवीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"गेली का सुखरूप?"

"गेली. चारी लेकरं घेऊन."

"पोहली का?"

"शिव्या देत पोहली."

तिनं पाणी दिलं. मी पिऊन झाल्यावर म्हणाली, "बरं केलं." लग्नाला एवढी वर्षं झाली, पण माझ्या हट्टापायी नाही, माझ्या माघारीपायी तिनं मला पहिल्यांदा बरं म्हटलं.

मग मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. बाप त्याच्या बापाचा उंबरा शोधत हिंडला नव्हता. त्यानं दगड निवडला आणि घडवला. मी दगडवाल्याकडं जाऊन काळा दगड निवडला, दारापुढं मांडला, छिन्नी-हातोडा काढला. नजर आता पूर्वीसारखी नाही, हात थरथरतो. घाव कुठं खोल, कुठं उथळ, एक कड थोडी तिरकी. शेजारच्या बायका येऊन उभ्या राहायच्या. "आजोबा, मशीननं कापून मिळतं की." मी म्हणायचो, "मिळतं." आणि ठोकत राहायचो. कामाला बसलो की पाणमांजरी आठवायच्या, विशेषतः तो खडा छातीवर घेऊन खेळणारा. बैठक मारून काम करणं ही चैन आहे, हे मला त्यांच्याकडं बघून कळलं.

दगड बसवायच्या दिवशी मुलानं हात लावला, मी लेव्हल धरली. पूजा-बिजा आमच्यात नाही. पंचशील म्हटलं, शेजाऱ्यांना चहा पाजला. सगळे गेल्यावर बायको आतून सूप घेऊन बाहेर येत होती, आणि तिचा अंगठा नव्या दगडाला असा लागला की सूप एकीकडं, ती एकीकडं. मी धावलो.

"आग लागो त्या दगडाला!" ती ओरडली. "एवढी वर्सं नव्हता, पायाला सवयच राहिली न्हाय."

मी तिचा अंगठा बघितला. रक्त नव्हतं. ती माझ्या खांद्याला धरून उठली, उंबऱ्याकडं रागानं बघितलं, आणि मग त्याच्यावरच बसली. कंबर टेकायला चौकट होती, पाय सोडायला पायरी होती. तिनं सांडलेली मेथी गोळा करून मांडीवर घेतली आणि निवडायला लागली.

"एक बाजू तिरकी हाय," ती म्हणाली.

"माहीत हाय."

"राहू द्या. बसायला बरी हाय."